मैदान कोणाचे? जपानी शाळेतल्या शरद ऋतूची दीडशे वर्षे

जपानी माणूस शरद ऋतूला नुसते ‘शरद’ म्हणून सोडून देत नाही. ‘खेळांचा शरद’, ‘वाचनाचा शरद’, ‘भुकेचा शरद’ असे शब्दप्रयोग तिथे रोजच्या बोलण्यात आहेत. उन्हाळ्याचा दमट उबारा ओसरलेला असतो, वादळांचा हंगाम सरत आलेला असतो, भात कापणीला येते, पर्सिमनची झाडे नारिंगी फळांनी लगडतात. शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर हे तिथले दुसरे सत्र. परीक्षांचा ताण अजून दूर आणि हवा प्रसन्न. मग खेळ, वाचन आणि खाणे ही शरदाची तिन्ही व्रते शाळाच एकदम पार पाडते. त्यांतला सर्वांत मोठा दिवस म्हणजे उन्दोकाई.

‘उन्दो’ म्हणजे हालचाल, व्यायाम. ‘काई’ म्हणजे मेळावा. आपण ‘क्रीडादिन’ म्हणून मोकळे होऊ, पण त्याने अर्थ पुरता उतरत नाही. माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या हिशेबाने सातवी ते नववीच्या तीन इयत्तांच्या ‘चुगाक्को’मध्ये, या दिवसाला अनेकदा ‘ताइइकुसाई’ म्हणतात. त्यातले ‘साई’ ज्या चित्राक्षराने लिहितात त्याच अक्षराने ‘मात्सुरी’ हा शब्द लिहितात, आणि मात्सुरी म्हणजे देवाची जत्रा. शारीरिक शिक्षणाला जत्रेचे अक्षर कसे चिकटले, हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो शाळेच्या वेळापत्रकाचा किरकोळ तपशील वाटेल. पण त्याच्या पोटात एक जुना झगडा आहे: शाळेचे मैदान सरकारचे, गावाचे, की त्यावर धावणाऱ्या मुलांचे?

नौदलाच्या आवारातली सुरुवात

गोष्ट सुरू होते ती कोणत्याही गावात नव्हे, तर तोक्योच्या त्सुकिजी भागातल्या नौदल विद्यालयात. १८६८ च्या मेइजी पुनर्स्थापनेनंतर नव्या सरकारला आधुनिक आरमार हवे होते. त्यासाठी १८७३ साली आर्चिबाल्ड डग्लस या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली चौतीस जणांचे पथक जपानात आले. या मंडळींना आपल्या देशातल्या शाळा-कॉलेजांत होणाऱ्या मैदानी स्पर्धांची सवय होती. २१ मार्च १८७४ रोजी त्यांनी विद्यार्थ्यांकरिता तसाच एक खेळांचा दिवस घडवून आणला. जपानातली ही पहिली उन्दोकाई असे सामान्यतः मानले जाते, जरी तेव्हा तिला ते नाव नव्हते आणि महिनाही शरदाचा नव्हता.

या कार्यक्रमात शर्यतींना जी नावे दिली गेली ती मोठी गमतीची आहेत. इंग्रजी ‘रेस’ला जपानीत रुळलेला शब्द नव्हता, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी चिनी वळणाच्या काव्यमय शब्दांचा आधार घेतला. लहान मुलांच्या धावण्याच्या शर्यतीचे नाव ‘चिमणीचे पिल्लू घरटे सोडते’, तर दुसऱ्या एका शर्यतीचे ‘पाकोळी उडायला शिकते’. डुक्कर पकडण्याचाही एक खेळ होता. आरमाराच्या शिस्तीत परक्या देशाचा खेळ आला आणि त्याला नाव मिळाले ते घरट्यातून उडणाऱ्या पिल्लाचे. पुढच्या दीडशे वर्षांचा सगळा ताण या पहिल्याच दिवशी हजर होता असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतर १८७८ साली उत्तरेकडच्या सापोरो कृषी महाविद्यालयात आणि १८८३ साली तोक्यो विद्यापीठात अशाच क्रीडासभा झाल्या. तोक्योतल्या सभेमागे फ्रेडरिक स्ट्रेंज हा इंग्रजीचा शिक्षक होता. त्याच वर्षी त्याने मैदानी खेळांचे नियम सांगणारे छोटे पुस्तकही छापले. इथवर हा प्रकार मूठभर उच्चशिक्षित तरुणांपुरता होता. गावच्या शाळेपर्यंत तो पोहोचला तो दुसऱ्याच वाटेने.

कवायत आणि जत्रा

डिसेंबर १८८५ मध्ये मोरी आरिनोरी जपानचा पहिला शिक्षणमंत्री झाला. इंग्लंड-अमेरिका पाहिलेला, बुद्धिमान आणि घाईत असलेला हा माणूस. १८८६ मध्ये त्याने शाळांची सबंध रचना नव्याने बांधली आणि लष्करी पद्धतीची कवायत अभ्यासक्रमात आणली. शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयांसाठी त्याने तीन गुण ठरवून दिले होते: आज्ञाधारकपणा, मैत्रभाव आणि रुबाब. हे तिन्ही पुस्तकातून शिकवता येत नाहीत, शरीरातून शिकवावे लागतात, अशी त्याची खात्री होती. ओळीत उभे राहणे, शिट्टीसरशी वळणे, एका तालात पावले टाकणे हे शेतकऱ्याच्या मुलाला नवे होते. नांगरामागे चालणारा माणूस वेगळ्या तालात चालतो. त्याच्या अंगातून तो जुना ताल काढून नवा घालायचा, तर कवायत हवी. आणि कवायत शिकली की नाही हे लोकांसमोर दाखवायला उन्दोकाई हवी. १८८९ च्या फेब्रुवारीत, राज्यघटना जाहीर झाली त्याच दिवशी, मोरीवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. उन्दोकाई मात्र देशभर पसरत गेली.

आता अडचण अशी होती की बहुतेक शाळांना मैदानच नव्हते. पुष्कळ शाळा देवळांत किंवा जुन्या घरांत भरत. त्यामुळे आसपासच्या अनेक शाळांनी मिळून एकत्र उन्दोकाई करायची, आणि त्यासाठी मुलांनी झेंडे घेऊन, गाणी म्हणत नदीच्या वाळवंटात किंवा शिंतो देवळाच्या आवारात चालत जायचे, असा रिवाज पडला. इथेच सरकारच्या योजनेला पहिली कलाटणी मिळाली. देवळाचे आवार आणि नदीचा काठ या जागा गावाच्या जत्रेच्या होत्या. मुले कवायतीला म्हणून गेली, पण त्यांच्या पाठोपाठ आईबाप, आजीआजोबा, फेरीवाले असे सगळे गाव लोटले. त्यांच्या हातात डबे होते.

समाजशास्त्रज्ञ योशिमी शुन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्दोकाईच्या इतिहासावर १९९९ साली जे पुस्तक सिद्ध केले, त्यातून ही ओढाताण चांगली दिसते. राज्ययंत्रणेला हवे होते शिस्तबद्ध शरीराचे प्रदर्शन, गावाला हवी होती जत्रा. आणि दोघांनाही एकच दिवस वापरायचा होता. गावाने काय केले, तर कवायत होऊ दिली आणि तिच्या आजूबाजूला आपले सगळे आणून ठेवले. रस्सीखेच घ्या. जपानच्या अनेक गावांत दोन पाड्यांमध्ये दोर ओढून येत्या वर्षाच्या पिकाचा कौल लावण्याची चाल फार जुनी. ती उन्दोकाईत येऊन बसली. मुलांचे दोन गट पाडायचे तर लाल आणि पांढरा. हे रंग बाराव्या शतकातल्या हेइके आणि गेंजी या घराण्यांच्या युद्धातले, हेइकेंचे निशाण लाल आणि गेंजींचे पांढरे. उंच काठीवरच्या टोपलीत चेंडू भिरकावणे, टांगलेला पाव हात न लावता तोंडाने तोडणे, पाय एकमेकांना बांधून गोमेसारखे सगळ्यांनी मिळून धावणे, चिठ्ठीत लिहिलेली वस्तू प्रेक्षकांतून उसनी मागून आणणे असे हसवणारे खेळ हळूहळू मधे मधे पेरले गेले. शेवटच्या खेळाचा तर उद्देशच उघड आहे. छत्री, टोपी, चष्मा मागत धावणाऱ्या मुलामागे प्रेक्षकही मैदानात ओढला जातो.

उन्दोकाईचा मुहूर्तही अनेक ठिकाणी ठरून गेला तो ३ नोव्हेंबरचा. तो सम्राट मेइजीचा वाढदिवस, म्हणजे राष्ट्रीय सण. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर कापणी उरकत आल्याचा काळ. सरकारी पत्रकात तो सम्राटाचा दिवस होता आणि चटईवर बसून उकडलेल्या शेंगा, चेस्टनट आणि हिरव्या सालीची आंबटगोड संत्री खाणाऱ्या घराला तो सुगीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळांना स्वतःची मैदाने मिळू लागली. १९०० साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली आणि नोंदलेल्या मुलांचे प्रमाण काही वर्षांतच शंभरात नव्वदांच्या वर गेले. मैदान शाळेत आले तशी जत्राही शाळेत आली.

या मैदानावर मुलीही होत्या. हिचा एक धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली तोक्योत स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले आणि त्यात व्यायामाला आणि उन्दोकाईला आरंभापासून स्थान दिले. या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ च्या सुमारास धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. मुंबईच्या सामाजिक परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली, तिच्यामागे या पुस्तिकेची प्रेरणा होती. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. हिंगण्याला पोहोचली ती विद्यापीठाची कल्पना. उन्दोकाईची जत्रा मात्र जपानातच राहिली.

रताळ्यांचे मैदान

गावाने कवायतीला जत्रेत मुरवले खरे, पण कवायत मेली नव्हती. १९३० नंतर चीनमधले युद्ध पेटत गेले तशी ती पुन्हा वर आली. १९३९ मध्ये तरुणांच्या शारीरिक क्षमतेची जी सरकारी चाचणी सुरू झाली तिच्यात धावणे, उडी यांच्याबरोबर हातबॉम्ब फेकण्याचाही समावेश होता. १९४१ साली प्राथमिक शाळांचे नाव बदलून ‘राष्ट्रीय शाळा’ झाले. उन्दोकाईत लढाईची सोंगे आणि आग विझवण्यासाठी बादल्या हातोहात देण्याच्या शर्यती आल्या. चेंडू फेकणारे तेच हात आता बॉम्ब फेकण्याचा सराव करत होते. मोरीने पेरलेले बी साठ वर्षांनी असे उगवले.

युद्धाच्या अखेरीस तर मैदानच उरले नाही. अन्नाच्या टंचाईमुळे शाळांची मैदाने खणून त्यांत रताळी आणि भोपळे लावले गेले. जुन्या पद्धतीच्या माध्यमिक शाळांतली मुले-मुली वर्गाऐवजी कारखान्यांत कामाला जुंपली गेली. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमात बारा-तेरा वर्षांची हजारो मुले आगीला अडसर म्हणून पाडलेल्या घरांचा राडारोडा उपसत होती. त्यांतली सुमारे सहा हजार मृत्यू पावली. पुढे माध्यमिक शाळेच्या मैदानाबद्दल जपानी पालक आणि शिक्षक इतक्या हळव्या आग्रहाने का बोलतात, हे समजून घ्यायचे तर हा आकडा लक्षात ठेवावा लागतो.

१९४७: गावाने बांधलेली शाळा

युद्धानंतर लष्करी कवायतीवर बंदी आली. एप्रिल १९४७ पासून सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे माध्यमिक आणि तीन वर्षे उच्च माध्यमिक अशी नवी रचना सुरू झाली. यातला मधला भाग खरा क्रांतिकारक होता. युद्धापूर्वीचे ‘चुगाक्को’ हे परीक्षा देऊन शिरणाऱ्या थोड्या मुलग्यांसाठी होते. नवे चुगाक्को सर्वांसाठी, मुलगे आणि मुली एकत्र, आणि सक्तीचे. पहिल्या वर्षी सातवी, मग आठवी, मग नववी असे करत १९४९ पर्यंत सक्ती नऊ वर्षांची झाली.

कायदा झाला, पण इमारती कुठे होत्या? देश जळून गेलेला, सरकारची तिजोरी रिकामी. अनेक ठिकाणी वर्ग झाडाखाली भरले. ‘निळ्या आभाळाचे वर्ग’ असे त्यांना नाव पडले. शाळा उभारायची जबाबदारी गावांवर आली. गावकऱ्यांनी सामायिक जंगलातले लाकूड तोडून दिले, वर्गणी काढली, अंगमेहनतीने जमीन सपाट केली. पैशांची तोंडमिळवणी न झाल्याने काही सरपंचांना पद सोडावे लागले. ज्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून निघणाऱ्या मूठ-मूठ धान्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. शाळा अशा रीतीने उभी राहिली की ती कोणाची, हा प्रश्न गावापुरता मिटतो.

मुलांनीही आपला वाटा उचलला, आणि तो शरदातच. पिकलेल्या भाताच्या शेतांत इनागो नावाचे टोळ असतात. पहाटे दव पडलेले असताना ते सुस्त असतात. मियागी, यामागाता, नागानो अशा भागांतल्या शाळा त्या वेळी मुलांना शेतांत नेत आणि कापडी पिशव्यांत टोळ गोळा करवीत. सोया सॉस आणि साखरेत शिजवलेले टोळ हे तिथले आवडीचे तोंडीलावणे. त्यांची विक्री होई, आणि त्या पैशांतून पुस्तके, चेंडू, वाद्ये येत. शेताची कीड कमी, घराला प्रथिने आणि शाळेला ग्रंथालय असा तो तिहेरी व्यवहार होता. पुढे कीटकनाशके आली, टोळ कमी झाले आणि बहुतेक ठिकाणी ही चाल थांबली. शेतीच्या भागांत कापणीच्या दिवसांत शाळांना सुट्टीही असे. ती आरामाची सुट्टी नव्हती. मुलांनी घरच्या भाताला हात लावावा म्हणून दिलेली होती. यंत्रे आली तशी तीही सरली.

उन्दोकाई याच शाळांत पुन्हा सुरू झाली. तिच्यातला काही मजकूर आता बदलला होता. नागासाकीत अमेरिकी प्रशासनाचा शिक्षण अधिकारी म्हणून आलेल्या विनफील्ड निब्लो याने १९४६ च्या सुमारास तिथल्या लोकांना अमेरिकी चौकनृत्य शिकवले आणि त्याची लाट देशभर गेली. त्यातून शाळांच्या मैदानांवर लोकनृत्ये आली. ‘ओक्लाहोमा मिक्सर’ अमेरिकेचे आणि ‘मायिम मायिम’ इस्रायलचे. दोन्ही जपानी शाळेत इतकी रुळली की आज तिथल्या आजोबांनाही पावले पाठ असतात. वेगळ्या शाळांत वाढलेल्या पिढीच्या डोळ्यांसमोर तेरा-चौदा वर्षांची मुले-मुली हातात हात घेऊन वर्तुळात नाचू लागली. ज्या मैदानावर चार वर्षांपूर्वी बंदुकीचा सराव झाला होता त्यावर हे घडले. नव्या राज्यघटनेतली समता बऱ्याच गावांनी पहिल्यांदा पाहिली ती अशी, थोडी लाजत, थोडी हसत.

३ नोव्हेंबरचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. नवी राज्यघटना १९४६ साली याच तारखेला जाहीर झाली, आणि १९४८ पासून हा दिवस ‘संस्कृती दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. सम्राटाचा वाढदिवस कॅलेंडरवरून पुसला गेला, तारीख राहिली. तिच्या आसपास शाळाशाळांतून ‘बुंकासाई’, म्हणजे संस्कृतीचा उत्सव, भरू लागला. यातही ‘साई’ आहेच. नाटक, चित्रे, विज्ञानाचे प्रयोग आणि माध्यमिक शाळेत विशेषतः वर्गावर्गांची समूहगानाची स्पर्धा. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना तीन-चार स्वरांत एकत्र गायला लावणे हे धाडसच आहे. पण शरदाच्या दुपारी जपानी चुगाक्कोवरून जाताना खिडक्यांतून ऐकू येते ते हेच. १९४७ सालीच वाचन सप्ताहही सुरू झाला आणि तो पुढे २७ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर या काळात स्थिरावला. शरदाची तिन्ही विशेषणे शाळेत कशी एकत्र आली, त्याचा हा उलगडा.

एका दिवसामागचे तीन आठवडे

बाहेरच्याला उन्दोकाई एका दिवसाची दिसते. आत तिची तयारी कित्येक आठवडे चालते. चुन्याच्या रेघा मारणारे, निकालाची पाटी सांभाळणारे, ध्वनिक्षेपकावर निवेदन करणारे, जखमेला औषध लावणारे असे गट मुलांचेच असतात. नववीतली मुले घोषणापथकाचे नेतृत्व करतात आणि सातवीतल्यांना आरोळ्या शिकवतात. कोण किती जोरात धावतो यापेक्षा कोणी कोणते काम अंगावर घेतले, याला मोल असते. १९५८ च्या अभ्यासक्रमात अशा शालेय कार्यक्रमांना अधिकृत जागा मिळाली. म्हणजे गणित-भाषेइतकाच हा शाळेचा भाग ठरला.

१० ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. दोन वर्षांनी ती तारीख ‘आरोग्य व क्रीडा दिन’ म्हणून राष्ट्रीय सुट्टी झाली आणि उन्दोकाईला नवा मुहूर्त मिळाला. २००० पासून ही सुट्टी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येते. २०२० मध्ये तिचे नाव ‘क्रीडा दिन’ झाले.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. पहिली किंमत शिक्षकांची. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा भरला, सहभागी देशांत सर्वांत लांब. वर्गातले शिकवणे हा त्याचा एक तुकडा. बाकी क्लब, बैठका, कागदपत्रे आणि असे कार्यक्रम. दुसरी किंमत मुलांची. सामूहिक उडीत दोरीला ज्याचा पाय अडकतो, त्याला आपल्यामुळे वर्ग हरला हे वर्षभर आठवते.

तिसरी किंमत तर हाडांनी मोजली गेली. मुलांनी एकमेकांच्या अंगावर चढून मनोरे रचण्याचा ‘कुमिताइसो’ हा प्रकार उन्दोकाईत जुना होता. विसाव्या शतकाच्या शेवटापासून या मनोऱ्यांची उंची वाढत गेली. सात थर, आठ थर, दहा थर. दहा थरांचा मनोरा सात मीटरच्या आसपास उंच होतो, आणि तळाच्या मधल्या मुलाच्या पाठीवर दोनशे किलोच्या घरात भार येतो. ‘सगळ्यांनी मिळून सोसले की एकजूट जन्मते’ असे याचे समर्थन होते, आणि पालक डोळे पुसत टाळ्या वाजवत. सप्टेंबर २०१५ मध्ये ओसाका प्रांतातल्या एका माध्यमिक शाळेत दीडशेहून अधिक मुलांचा दहा थरांचा मनोरा कोसळला आणि एका मुलाच्या हाताचे हाड मोडले. त्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. नागोया विद्यापीठाचे उचिदा र्‍यो त्याआधीपासूनच आकडे मांडून इशारा देत होते: सर्व शाळा मिळून कुमिताइसोत वर्षाला आठ हजारांहून अधिक अपघात नोंदले जात होते. २०१६ मध्ये ओसाका शहराने मनोऱ्यांवर बंदी घातली आणि क्रीडा खात्याने देशभर सावधगिरीचे पत्रक काढले.

दहीहंडीच्या थरांबद्दल आणि थरावरच्या लहान गोविंदांच्या वयाबद्दल आपल्याकडे न्यायालयापर्यंत जो वाद गेला, तो आठवल्यावाचून राहत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच. उत्सव सगळ्यांचा म्हणायचा, तर त्याचे ओझे कोणाच्या पाठीवर आहे? मोरीच्या काळात आज्ञा वरून येत होती. दहा थरांच्या मनोऱ्याला मात्र सरकारने सांगितले नव्हते. तो शिक्षकांच्या हौसेने आणि गावाच्या टाळ्यांनी चढला. जत्रा कवायतीला नेहमी मवाळच करते असे नाही. कधी कधी ती तिच्याहून कठोर होते, आणि अशा वेळी तळातल्या मुलाला ‘नको’ म्हणायची सोय नसते.

अर्ध्या दिवसाची उन्दोकाई

आज हा सण आक्रसतो आहे. सप्टेंबर पूर्वीसारखा थंड राहिलेला नाही. सरावात मुलांना उष्माघात होतो, म्हणून पुष्कळ शाळांनी उन्दोकाई मे-जूनमध्ये नेली. करोनाच्या साथीत गर्दी टाळण्यासाठी ती अर्ध्या दिवसावर आली आणि साथ गेल्यावरही अनेक ठिकाणी तशीच राहिली. अर्धा दिवस म्हटला की दुपारचे एकत्र जेवण गेले. जिथे दिवसभराचा कार्यक्रम होतो तिथेही काही शाळांत मुले वर्गात जेवतात, कारण कोणाचे आईबाप कामावर असतात आणि चटईवर एकटे बसण्याची वेळ कोणावर येऊ नये. हे कारण खोटे नाही. शिक्षकाचा ५६ तासांचा आठवडाही खोटा नाही. तरी सुरुवातीला ज्या डब्यांनी कवायतीची जत्रा केली होती, ते डबे मैदानाबाहेर गेले हेही खरे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलेच कमी झाली. २००२ ते २०२० या आर्थिक वर्षांत जपानमध्ये ८,५८० सरकारी शाळा बंद झाल्या. १९४७ नंतर गावाने लाकूड देऊन बांधलेली कित्येक चुगाक्को त्यांत आहेत. काहींची आता वसतिगृहे, कार्यशाळा, वृद्धांची केंद्रे झाली आहेत. पुष्कळ ठिकाणी इमारत रिकामी उभी आहे.

पण आटणाऱ्या गावांत एक उलटा प्रवाहही दिसतो. डोंगरातल्या आणि बेटांवरच्या ज्या शाळांत मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, तिथे प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि गाव यांची मिळून एकच उन्दोकाई होते. लाल आणि पांढरा गट पाडायला मुले पुरत नाहीत, म्हणून गटांत गावकरी असतात. दोर ओढायला आजोबा लागतात. टोपलीत चेंडू टाकायला आज्या येतात, आणि त्यांतल्या काहींनी याच मैदानावर सत्तर वर्षांपूर्वी टोळांच्या पिशव्या आणून रिकाम्या केलेल्या असतात. तिथे मनोरे नाहीत, कारण रचायला मुले नाहीत. कवायतही नाही, कारण ओळ होत नाही. शाळेला गाव लागते आणि गावाला शाळा, एवढीच गोष्ट उरते.

सरकारने मैदान मागितले शिपाई घडवायला, गावाने घेतले जत्रेला, आणि मुलांच्या वाट्याला दोघांचे उरलेसुरले आले. दीडशे वर्षांत या दिवसाचे जे चांगले झाले ते तिघांपैकी कोणा एकाचा पुरता ताबा झाला नाही तेव्हा झाले, आणि जे वाईट झाले ते ताबा पुरा झाला तेव्हा. कार्यक्रम किती तासांचा असावा, मेमध्ये असावा की ऑक्टोबरमध्ये, हे प्रश्न जपानी पालक-शिक्षकांच्या बैठकांत आज चर्चिले जातात आणि त्यांची उत्तरे गावोगाव वेगळी असतील. तळाच्या थरातल्या मुलाला त्या बैठकीत बोलायला मिळते की नाही, यावर मात्र पुढची उन्दोकाई कशी असेल हे ठरेल.